मातीचं चित्र: लातूरकडचा दफनविधी मोठ्या कॅनव्हासवर उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका लिंगायत घरातली माती, म्हणजे दफनविधी, मोठ्या तैलचित्रात रंगवायची आहे. नमुना म्हणून फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेचं, ऑर्नां या त्याच्या गावातल्या दफनाचं चित्र समोर आहे. काही कच्ची स्केचेस झाली आहेत, पण सगळी नाटकी दिसतात. विधीतलं काय अचूक हवं, काळी माती कशी रंगवायची, गर्दी कशी बसवायची आणि कॅनव्हास केवढा घ्यायचा?

नाटकीपणाचं कारण आधी. अशा स्केचमध्ये बहुतेक वेळा सगळी माणसं एकाच वेळी, एकाच मापाचं दुःख करत उभी असतात. मातीला आलेली माणसं तशी नसतात. निम्मे लोक कामात असतात. कोणी खड्ड्यात उतरून तळ सारखा करतो, कोणी बेलाची टोपली धरून उभा, कोणी मखराची, म्हणजे देह बसवून आणलेल्या सजवलेल्या चौकटीची, दोरी सोडतोय, कोणी फोनवर पाहुण्यांना शेताची वाट सांगतोय. उरलेले वाट बघत असतात, आणि वाट बघणाऱ्याचा चेहरा दुःखापेक्षा कंटाळ्याकडे झुकलेला असतो. म्हणून चेहरे बाजूला ठेवा आणि आधी कामांची यादी करा. कोणाच्या हातात काय आहे, वजन कोणत्या पायावर आहे, पुढच्या क्षणी तो काय करणार आहे, हे प्रत्येक आकृतीपुढे लिहून काढा. ज्या आकृतीपुढे ‘शोक करतोय’ एवढंच लिहिता आलं ती खोडून टाका. रडणारी चार-पाचच ठेवा, पण तीही कशाला तरी धरून.

कूर्बेचं चित्र नमुना म्हणून चांगलं आहे, फक्त त्यातून काय घ्यायचं ते नीट ठरवा. १८४९-५० मध्ये रंगवलेलं हे चित्र ३१५ बाय ६६८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १० बाय २२ फूट आहे. त्यात सुमारे पन्नास माणसं जवळजवळ प्रत्यक्ष आकाराची आहेत. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. १८५०-५१ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, लोक चिडले ते आकारावर. एवढा कॅनव्हास राजे, संत आणि लढाया यांच्यासाठी असायचा, इथे तो खेड्यातल्या साध्या माणसांना दिला होता. गावातल्या लोकांना त्याने स्टुडिओत बोलावून एकेक करून बसवलं, त्यामुळे प्रत्येक डोकं वेगळं आहे आणि कोणीच कोणाकडे बघत नाही. पाद्री पुस्तकात बघतो, कबर खोदणारा गुडघा टेकून मान वळवतो, कुत्रं तिसरीकडेच बघतं. ही विखुरलेली नजर जरूर घ्या. दुसरी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे खड्डा. तो चित्राच्या खालच्या कडेने कापलेला आहे, त्यामुळे बघणारा थेट काठावर येऊन उभा राहतो.

त्याची आडवी मांडणी मात्र तशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथे शवपेटी आडवी, मागचे कडे आडवे आणि माणसांची रांगही आडवी. लिंगायत विधीत मृत व्यक्ती बसलेली असते. उभ्या गर्दीत बसलेलं, ताठ पाठीचं, हार घातलेलं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे असलेलं माणूस कागदावर जिवंतच दिसतं. एखाद्या सत्काराचं चित्र असावं असं वाटतं. तुमच्या स्केचमधली खरी अडचण इथे असणार, आणि ती सोडवायची तर देह बसवतात कसा हे माहीत हवं.

मृत्यूनंतर साधारण दोन ते चार तासांत शरीर ताठर व्हायला लागतं. आधी जबडा आणि मान, मग हातपाय. बारा तासांच्या आसपास सगळं अंग कडक होतं. म्हणून घरचे जाणते लोक वेळ घालवत नाहीत. अंघोळ घालून, नवं कोरं धोतर नेसवून देहाला मांडी घालून बसवतात, पाठीला भिंत, लोड किंवा फळीचा आधार देतात. छातीभोवती कापडाची पट्टी घेऊन ती मागे बांधतात, हनुवटीखालून एक पट्टी डोक्यावर नेतात आणि वर उपरणं किंवा फेटा येतो. या पट्ट्या चित्रात दिसल्या पाहिजेत, निदान एक तरी. जिवंत माणूस पाठीच्या कण्यावर बसतो, मृत देह पट्टीवर बसतो. पट्टीपाशी सदरा दबतो, दोन्ही बाजूंना चुण्या पडतात, एक खांदा किंचित वर राहतो. गुडघे सारखे टेकत नाहीत. तळहातावर इष्टलिंग, म्हणजे लिंगायत माणूस अंगावर बाळगतो ते छोटं लिंग, ठेवलेलं असतं, पण बोटं त्यावर मिटलेली नसतात, सैल पडलेली असतात. बोटांनी लिंग पकडलेलं काढलं की देह पुन्हा जिवंत झाला म्हणून समजा.

कातडीचा रंगही तसाच. आपल्याकडचा सावळा चेहरा मृत्यूनंतर पांढरा पडत नाही, मातकट राखाडी होतो. तांबूसपणा आधी ओठ, कानाची पाळी आणि नाकपुड्या इथून जातो. तेव्हा या तीन जागांवर लाल रंगाचा स्पर्शही नको. रॉ अंबर आणि यलो ऑकरमध्ये थोडा टायटॅनियम व्हाइट आणि अगदी नखाएवढा टेर व्हर्ट पुरतो. बसलेल्या देहात रक्त खाली उतरतं. पावलं, पोटऱ्या आणि लोंबणारा हात चेहऱ्यापेक्षा गडद, जांभळट होतात. धोतराखालून दिसणारं पाऊल जरा गडद ठेवलं तरी जाणत्या डोळ्याला पुरतं. भस्म हे कोरडं असतं, त्यावर चमक नसते. चेहऱ्यावर एक जरी तेलकट चकाकी ठेवलीत तर घाम आल्यासारखं दिसेल.

आता क्षण कोणता निवडायचा ते. घरात देह बसवलेला असताना लिंगायत संतकवी मन्मथ स्वामींचे अभंग, टाळ-मृदंग, रात्रभर भजन, दर्शनाला येणारी माणसं हे सगळं सुंदर असतं, पण ओसरीच्या अंधारात मोठं चित्र कोंडतं. केळीचे खुंट आणि झेंडू लावलेलं मखर वाटेने निघालंय हा क्षण सगळेच निवडतात. रंग भरपूर मिळतात, पण चित्र मिरवणुकीचं होतं. माझं मत, देह मखरातून काढून खड्ड्यात उतरवतानाचा क्षण घ्या. या वेळी देह कुठेच टेकलेला नसतो, पूर्ण हातांवर असतो. साठ किलोच्या आसपासचं वजन, बुडाखालून घेतलेलं जाड कापड, वर चार-पाच वाकलेल्या पाठी, खाली खड्ड्यात उभे असलेले दोघे हात वर करून. काठावर स्वामी, म्हणजे जंगम, भस्म आणि बेलाचं ताट घेऊन. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मृताचा चेहरा आता उभ्या माणसांच्या गुडघ्याच्या पातळीला येतो. जे माणूस घरात आणि मखरात सगळ्यांच्या वर होतं ते आता सगळ्यांच्या खाली आहे. जिवंत वाटण्याचा प्रश्न इथे आपोआप सुटतो, त्याला रंगाची फार मदत लागत नाही.

खड्ड्याची मापं चुकली तर बाकी सगळं फुकट. शहरात वाढलेले चित्रकार खड्डा आंघोळीच्या टबाएवढा काढतात. बसलेल्या प्रौढ माणसाची बैठकीपासून डोक्यापर्यंतची उंची पावणेतीन ते तीन फूट असते, मांडी घातल्यावर गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत अडीच फूट. डोक्यावर किमान तीन फूट माती हवी, नाहीतर पहिल्या पावसात जमीन खचते आणि कुत्री उकरतात. म्हणजे खोली सहा फूट. उतरवणाऱ्या दोघांना उभं राहायला जागा हवी, म्हणून तोंड साधारण चार बाय पाच फूट. जुन्या पद्धतीत खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरून देह त्यात बसवतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी कोनाडा टाळून सरळ तळावर बसवतात. काही ठिकाणी मृताच्याच पावलाने माप घेण्याची रीत आहे. तोंड कोणत्या दिशेला करायचं आणि पायऱ्या कोरायच्या का हे त्या गावच्या स्वामींना विचारून घ्या. गावाचं नाव चित्राला देणार असाल तर हे विचारणं टाळू नका.

खड्ड्यातल्या माणसाचं काय दिसतं? सहा फूट खोलीत उभ्या साडेपाच फुटी माणसाचं डोकं काठाच्या खाली जातं. वर दिसतात ते फक्त त्याचे हात, आणि काठाच्या जवळ उभं राहून वाकून बघितलं तर डोक्याची टोपी. तुम्ही बघणाऱ्याला काठावर उभं करताय, तेव्हा टोपीचा वरचा गोल आणि वर आलेले दोन हात एवढंच काढा. छातीपर्यंत माणूस दिसत असेल तर खड्डा चार फुटांचाच झाला.

निघालेली माती किती, याचा हिशोब कोणी करत नाही. चार गुणिले पाच गुणिले सहा म्हणजे १२० घनफूट. खोदल्यावर माती फुगते, पंचवीस-तीस टक्के धरा. दीडशे घनफूट झाली, म्हणजे दीड ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत मावणार नाही. दोन बाजूंना टाकली तरी प्रत्येक ढीग कमरेएवढा उंच आणि पायथ्याशी आठ-नऊ फूट रुंद होतो. या ढिगांमुळे मागच्या माणसांचे पाय दिसत नाहीत. गर्दीतले निम्मे पाय काढायचे वाचले, आणि चित्राला खरी भूमीही मिळाली. पोरं हमखास ढिगावर चढतात, त्यांना खाली ओढणारा एक म्हातारा असतोच.

ढिगाच्या रंगाकडे जवळून बघा. आपल्या भागात वरची काळी माती तीन-चार फूट खोल जाते, त्याखाली पांढरट-पिवळा मुरूम लागतो, कुठे चुनखडीचे खडे. खोदताना काळी माती आधी निघते आणि ढिगाच्या तळाशी जाते, मुरूम शेवटी निघतो आणि वर बसतो. म्हणजे जमिनीतला क्रम ढिगात उलटा होतो. खड्ड्याच्या भिंतीत वर काळं आणि खाली पांढरं, ढिगात खाली काळं आणि वर पांढरं. पहिलं खोरं लोटतात तेव्हा देहावर आधी मुरूम जातो. भस्म, बेलाची पानं आणि बऱ्याच ठिकाणी मीठ टाकून झाल्यावर हा फिकट मुरूम पडतो. ही एक गोष्ट बरोबर रंगवली तर खड्डा खणलेला माणूस तुमच्या चित्रासमोर थांबेल. हत्यारांच्या खुणाही वेगळ्या. पहारेने फोडलेल्या मुरुमात उभे चकचकीत ओरखडे राहतात, टिकावाने अर्धगोल खपल्या निघतात. हल्ली जेसीबी बोलावतात, तेव्हा भिंतीवर बकेटच्या दातांच्या समांतर रेघा दिसतात आणि कोपरे गोल राहतात. जेसीबी काढायचा नसेल तर त्याच्या रेघाही काढू नका.

काळ्या मातीला काळा रंग लावणं ही नेहमीची चूक. कोरडी काळी माती राखाडी तपकिरी असते, उन्हात तर चक्क फिकी दिसते. ओली झाली की गडद होते आणि तिच्यात निळसर झाक येते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून दोन्ही मिळतात. कोरड्यासाठी पांढरा आणि थोडा ऑकर, ओल्यासाठी अल्ट्रामरीन वाढवा आणि पांढरा काढून टाका. आयव्हरी ब्लॅक खालच्या थरात वापरू नका. तो सावकाश सुकतो, अंबर लवकर सुकतो. सावकाश सुकणाऱ्या थरावर लवकर सुकणारा थर बसला की वर भेगा पडतात. झिंक व्हाइटही एवढ्या मोठ्या कामात टाळा, त्याचा थर ठिसूळ होतो.

आणखी एक मोह होतो तो खरी काळी माती रंगात मिसळण्याचा. कल्पना म्हणून छान वाटते. पण काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. गेसोत (रंगाआधी कॅनव्हासवर देतात तो पांढरा अस्तराचा लेप) किंवा ॲक्रिलिकमध्ये तिचा जाड थर दिला तर पहिल्याच दमट पावसाळ्यात खपल्या निघतील. पोत हवाच असेल तर धुऊन वाळवलेली बारीक वाळू गेसोत मिसळा, एका वाटी गेसोला दोन चमच्यांपेक्षा जास्त नाही, आणि सुकल्यावर वरून तैलरंग द्या. खरीच माती हवी असेल तर ती पाण्यात निवळून, वाळवून, वस्त्रगाळ करून अळशीच्या तेलात घोटा. रंग म्हणून ती दुबळी असते, पण पातळ थरात टिकते.

ऋतू श्रावण-भाद्रपदाचा, उघडीप पडलेला घ्या असं सुचवेन. ढगाळ उजेडात टोप्यांखालचे चेहरे दिसतात. मे महिन्याच्या दुपारी कपाळाच्या खाली नुसता काळोख असतो. ओल्या मातीवर धोतरांचा पांढरा उठतो. आणि कामाच्या दृष्टीनेही हाच ऋतू बोलका आहे. खड्ड्याच्या भिंती ओलीने ढासळतात म्हणून वरचं तोंड उतरतं करावं लागतं, तळाशी पाणी झिरपतं, ते घमेल्याने उपसावं लागतं. चपलांना चिखलाचे थर चढतात, लोक त्या बांधावर काढून अनवाणी येतात. चपलांचा तो ढीग खड्ड्याइतकाच बारकाईने रंगवावा. मागे सोयाबीन उभं असतं आणि गर्दीने दोन-चार सऱ्या तुडवलेल्या असतात.

पांढऱ्यांबद्दल थोडं. चित्रात पांढरे किमान चार प्रकारचे लागतील. मृताचं कोरं धोतर खळीमुळे निळसर आणि कडक घडीचं. म्हाताऱ्यांची धोतरं नीळ दिलेली, पण मुळात पिवळटलेली. टेरिकॉटचे सदरे, ज्यातून आतलं बनियन दिसतं. आणि भस्माचा राखाडी पांढरा. सगळ्यांत उजळ पांढरा एकाच ठिकाणी, कोऱ्या धोतरावर ठेवा आणि बाकीचे सगळे किमान दोन पायऱ्या खाली आणा. बायका पांढऱ्यात काढू नका. आपल्याकडे मातीला वेगळे कपडे घालत नाहीत, आहे त्या लुगड्यावर माणूस निघतो. म्हाताऱ्यांच्या अंगावर इरकली, सुनांच्या अंगावर छापील सिंथेटिक, पोरींच्या अंगावर पंजाबी ड्रेस. हे भडक रंग विटवून काढण्याचा मोह आवरा.

बायकांचा गट वेगळा विचार मागतो. लिंगायत समाजात सुतक मानू नये अशी बसवण्णांपासूनची शिकवण आहे, आणि अनेक गावांत बायका रुद्रभूमीपर्यंत, म्हणजे दफनभूमीपर्यंत, येतात. तरीही त्या बहुधा एका बाजूला, बांधावर किंवा झाडाखाली बसतात. रडण्याला लय असते. नवी पाहुणी, विशेषतः सासरी गेलेली लेक, दिसली की हंबरडा फुटतो, गळ्यात गळा पडतो, हेल काढून मेलेल्याचे गुण सांगितले जातात. थोड्या वेळात सगळं ओसरतं आणि कोणी तरी पाणी फिरवतं. पुन्हा देह उचलताना आणि पहिली माती पडताना आवाज चढतो. म्हणजे गटातल्या सगळ्या बायका एकाच पट्टीत रडत नाहीत. नुकती आलेली ओणवी, तिला दोघींनी काखेत धरलेलं, सकाळपासून बसलेलीचा पदर तोंडात आणि डोळे कोरडे, एखादी लेकराला पाजतेय. मृताची बायको बहुतेक वेळा सगळ्यांत गप्प असते.

बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे चित्रात घ्यायचं का, हे तुमचं चित्र कोणत्या वर्षाचं आहे त्यावर ठरवा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आजची माती रंगवताना हा प्रसंग परंपरेचं सौंदर्य म्हणून मांडला तर चित्र खोटं होईल. जुनी माती रंगवत असाल तर तो हिंसक आहे तसाच दिसू द्या, कोपऱ्यात सजावट म्हणून नको.

वर्षाचा प्रश्न घरांनाही लागू आहे. किल्लारी-सास्तूरकडचं गाव घेतलंत आणि काळ ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचा असेल तर मातीची धाब्याची घरं, दगडी वाडे आणि वळणाच्या गल्ल्या काढू नका. पुनर्वसित गावात सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी काँक्रीटची छोटी घरं आहेत.

जात चित्रात उभी असते, ती तुम्ही काढली नाही तरी. खड्डा कोण खोदतं, हलगी कोण वाजवतं, कोण काठावर आहे आणि कोण बांधापलीकडे, यातून गाव कळतं. हलगी काढणार असाल तर वाजवणारे कडेला जाळ करून चामडं तापवताना काढा. ओल्या हवेत चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून पावसाळ्यात हे दर थोड्या वेळाने करावं लागतं. दोन काड्यांपैकी एक जाड आखूड, दुसरी बारीक लवचीक. वाजवणाऱ्याला निव्वळ ‘लोककलाकार’ म्हणून शोभेला उभं करू नका. तोही मातीला आलेला माणूस आहे आणि मजुरीवरही आहे.

आता गर्दी बसवण्याचं सूत्र. बघणारा काठावर उभा आहे, त्याची नजर जमिनीपासून पाच फुटांवर. सपाट जमिनीवर उभ्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण क्षितिजाच्याच रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो तो पायाकडून. नवखे लोक मागच्यांची डोकी वर वर नेतात, आणि गर्दी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसल्यासारखी दिसते. तुमच्याकडे तीन पातळ्या आहेत: ढिगावरची माणसं क्षितिजाच्या वर, सपाटीवरची क्षितिजावर, वाकलेली आणि खड्ड्यातली खाली. एवढ्यावर सगळी हालचाल मिळते. कूर्बेच्या मागे चुनखडीचे कडे होते, आपल्याकडे बालाघाटचं पठार सपाट, मागे नुसतं आकाश येतं. तेव्हा एखादा लिंब, विजेचे खांब, आणि जुन्या समाध्यांचे चौथरे, वर पिंड आणि समोर नंदी, यांनी ती रेष दोन-तीन ठिकाणी तोडा. त्याने क्रूस वर काढून क्षितिज तोडलं होतं. तुमच्याकडे ते काम रिकामं झालेलं मखर करेल, बाजूला कलतं टेकवलेलं.

माप पाच बाय नऊ फूट पुरे. पुढच्या आकृत्या दोन-तृतीयांश आकाराच्या, म्हणजे उभं माणूस साडेतीन-पावणेचार फूट आणि डोकं सहा इंच. याहून लहान डोक्यात हातांची कामं वाचता येत नाहीत. पंचवीस-तीस आकृत्या बसतात, त्यांतल्या दहा पूर्ण रंगवायच्या. एकसंध नऊ फुटी चौकट बहुतेक घरांच्या जिन्यातून जात नाही. साडेचार फुटांचे दोन भाग करून मागून बोल्टने जोडा. जोड मृताच्या चेहऱ्यावर किंवा उतरवणाऱ्या हातांवर येऊ देऊ नका, ढीग आणि बायकांचा गट यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणा. प्रत्येक चौकटीला मध्ये एक आडवी आणि एक उभी पट्टी हवीच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कापड ताणतं आणि पावसाळ्यात सैल पडतं, म्हणून कोपऱ्यांत पाचर मारता येईल अशी चौकट करून घ्या. गेसोचे तीन हात, प्रत्येकानंतर हलकी घासणी, मग रॉ अंबरचा पातळ हात. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू केलं तर ढगाळ उजेडाचे मधले टोन सापडत नाहीत.

अजिंठा मराठवाड्यातच आहे, तिथे एकदा मुद्दाम याच कामासाठी जा. २६ व्या लेण्यातलं महापरिनिर्वाणाचं शिल्प जवळजवळ सात मीटर लांब आहे. मंचकाच्या खाली शोक करणारे लोक छोटे, प्रत्येकाची बैठक आणि हात वेगळे, वर आकाशातले गण आनंदात. मृत देह शांत आणि प्रचंड, शोक लहान आणि विविध, ही योजना तुमच्या चित्राला कूर्बेपेक्षा जवळची ठरू शकते. १६ व्या लेण्यातलं ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध चित्रही बघा. ती खरं तर बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी आहे, नवऱ्याने प्रव्रज्या, म्हणजे भिक्खूची दीक्षा, घेतल्याचं कळून ती कोसळते आहे. तिला मागून सावरणारी दासी, मानेचा कल आणि सैल पडलेली बोटं यांचं रेखाटन करून घ्या, बायकांच्या गटासाठी उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष मातीत फोटो काढू नका आणि वहीही उघडू नका. मापं, हत्यारं, चौथरे, जमीन यांची नोंद दुसऱ्या दिवशी रिकाम्या रुद्रभूमीत जाऊन करता येते. देहासाठी मॉडेल बसवा: मांडी, मागे फळी, छातीला आणि हनुवटीला पट्टी, आणि त्याला अंग पूर्ण सैल सोडायला सांगा. हनुवटीची पट्टी पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. उतरवण्याच्या पोझसाठी शेतातली बांधाची उतरण आणि साठ किलोचं सोयाबीनचं पोतं पुरतं. चार माणसांना ते कापडात घालून खरोखर खाली उतरवायला लावा आणि त्याच वेळी रेखाटा. नुसतं वाकून उभं राहायला सांगितलं तर पाठी खोट्या येतात, वजन नसलं की टाचा उचलल्या जात नाहीत आणि मानेच्या शिरा ताणत नाहीत.

चेहरे गावातल्या ओळखीच्यांचे घ्यायचे असतील तर त्यांना आधी कोळशाचा कच्चा आराखडा दाखवा, आणि त्यात ते कुठे आहेत हेही. मृताच्या जागी आपला चेहरा चालणार नाही, हे बहुतेक लोक स्पष्ट सांगतात. त्या चेहऱ्यासाठी दोन-तीन म्हाताऱ्यांच्या रेखाटनांतून एक तयार करावा लागतो, आणि तो शेवटी रंगवावा, आजूबाजूचे सगळे पांढरे ठरल्यावर.